ग्रंथपालाची वृत्ति : बडोदें, पुणें व मद्रास येथील कांहीं चरित्रांवरून एक विचार

(१)

हस्तलिखितांचा इतिहास लिहितांना कर्ता, लेखक, आश्रयदाता व संग्राहक यांचीं नांवें आपण मोठ्या साक्षेपानें टिपून ठेवितों. परंतु ज्या मनुष्यानें तें हस्तलिखित झाडलें, त्याचीं पत्रें मोजलीं, त्यास क्रमांक घालून जागेवर ठेविलें व मागणाऱ्याच्या हातीं दिलें, त्याचें नांव बहुधा कोठेंच सांपडत नाहीं. ग्रंथ राखणें हा पोटाचा उद्योग केव्हां झाला, त्या उद्योगांत मनुष्याचा शिरकाव कसा होई, त्यास शिक्षण कोण देई, आणि त्याच्या पश्चात् त्याचें काम कोण चालवी, या प्रश्नांचा एकत्र विचार आमच्या पाहण्यांत आलेला नाहीं. प्रस्तुत लेखांत तो थोडक्यांत करण्याचें योजिलें आहे. विषय वरवर पाहतां नोकरीचा आहे. तथापि आपल्या संग्रहांचें पुढें काय होणार हा प्रश्न त्याशींच निगडित असल्यामुळें त्रैमासिकाच्या वाचकांस तो परका वाटणार नाहीं, अशी आशा आहे.

पोथीच्या शेवटीं लेखक जे परंपरागत श्लोक लिहितो, त्यांत पुस्तक तेलापासून, पाण्यापासून व सैल बांधणीपासून राखावें, मूर्खाच्या हातीं देऊं नये, अशी विनवणी असते. ही विनवणी कोणास? जो पुढें त्या पोथीचा धनी होईल त्यास. म्हणजे राखणदारी हें धन्याचें कर्तव्य मानलें जाई. तो स्वतंत्र व्यवसाय नव्हता. मठांत शिष्य, भिक्षुकाच्या घरीं पुत्र, जैन भांडारांत संघाचे विश्वस्त हें काम पाहत. राजवाड्यांतील संग्रहास वेतनी पंडित असत हें खरें. पण त्यांचें वेतन राजाच्या मर्जीवर व राज्याच्या आयुष्यावर अवलंबून असे. तंजावरचें उदाहरण घ्यावें. सरफोजी राजांनीं (मृत्यु १८३२) वाढविलेला तो अपूर्व संग्रह १८५५ सालीं राज्य खालसा झाल्यावरहि वाड्यांतच राहिला. बर्नेल यांनीं त्याची वर्गीकृत सूचि १८८० सालीं छापली, आणि १९१८ सालीं सरकारी योजनेनें तो लोकांस खुला झाला. मधल्या काळांत संग्रह टिकला खरा. परंतु त्यास वाहिलेला, त्यावरच उपजीविका करणारा व त्यांतच आपली विद्या वाढविणारा मनुष्य निर्माण होण्यास लागणारी स्थिति तेथें नव्हती.

(२)

इंग्रजी अमदानींत हस्तलिखितांच्या शोधास १८६८ सालीं सरकारी रूप आलें. लाहोरचे पंडित राधाकृष्ण यांनीं त्या वर्षीं व्हाइसरॉयकडे पाठविलेलें पत्र त्यास निमित्त झालें. मुंबई इलाख्यांत हें काम ब्यूलर, कीलहॉर्न, पीटर्सन व डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं केलें. त्यांचे अहवाल आजहि आपल्या हातांखालीं असतात. परंतु येथें एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. यांपैकीं कोणीहि ग्रंथपाल नव्हता. ब्यूलर हे शिक्षणखात्यांतील निरीक्षक. बाकीचे कॉलेजांतील अध्यापक. शोधाचें काम त्यांनीं आपला मुख्य व्यवसाय सांभाळून केलें. गांवोगांव जाऊन पोथ्यांचा तपास लावणारे व सौदा ठरविणारे लोक निराळेच होते. सुरतेचे भगवानदास केवलदास हे त्यांतील प्रमुख; या संग्रहांतील कित्येक जैन पोथ्या त्यांच्या हातांतून आल्या. अहवालांतील उल्लेखांपलीकडे त्यांच्या या कामगिरीचा स्वतंत्र वृत्तान्त कोणीं लिहिल्याचें आम्हांस ठाऊक नाहीं.

डेक्कन कॉलेजांत ठेविलेल्या या संग्रहांची यादी श्रीधर रामकृष्ण भांडारकर यांनीं करून १८८८ सालीं प्रसिद्ध केली. पुढें १९१७ सालीं भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन झालें व १९१८ सालीं हा सुमारे वीस हजार हस्तलिखितांचा सरकारी संग्रह तेथें आला. एकूण पन्नास वर्षें संग्रह वाढत होता. पण पूर्ण वेळ त्याचाच होऊन राहिलेला मनुष्य त्यास शेवटीं शेवटीं लाभला. त्याची हकीकत पुढें येईल.

(३)

ग्रंथपालाचें काम शिकवितां येतें, त्यास नियम आहेत, पायऱ्या आहेत व बढतीहि आहे, ही कल्पना आपल्या देशांत प्रत्यक्ष उतरली ती बडोद्यास. श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांनीं सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग १८९३ सालीं अमरेली तालुक्यांत केला व १९०६ सालीं तो राज्यभर लागू केला. वाचावयास शिकविलेल्या रयतेस वाचावयास कांहीं दिलें नाहीं तर शिकलेलें विसरून जाईल, हा विचार ग्रंथालयखात्याच्या मुळाशीं होता. अमेरिकेच्या प्रवासांत तेथील ग्रंथालयें पाहून महाराजांनीं न्यू हेवन येथील यंग मेन्स इन्स्टिट्यूटचे ग्रंथपाल विल्यम ऑलन्सन बोर्डन यांस १९१० सालीं बडोद्यास आणिलें. याच वर्षीं पुण्यास राजवाडे व मेहेंदळे यांनीं भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिलें. दोन्ही गोष्टींचा परस्परसंबंध नाहीं. पण कागद जमविणारी संस्था व कागद राखणारांची शाळा यांचा उगम एकाच सुमारास व्हावा, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

बोर्डन यांनीं १९१३ पर्यंत तीन वर्षें काम केलें. महाराजांनीं आपल्या वाड्यांतील सुमारे वीस हजार पुस्तकें दिलीं व त्यांवर मध्यवर्ति ग्रंथालयाची उभारणी झाली. त्याखालीं प्रांत, कसबा व गांव अशीं ग्रंथालयें. आणि जेथें तींहि नाहींत तेथें लाकडी पेट्यांतून फिरतीं ग्रंथालयें. गांवच्या ग्रंथालयाचा खर्च तीन वांट्यांनीं चाले : एक वांटा गांवकऱ्यांचा, एक प्रांतपंचायतीचा व एक सरकारचा. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट ही कीं, १९११ सालीं बोर्डन यांनीं तेथें ग्रंथपालांचा वर्ग काढिला. वर्गीकरण, सूचिलेखन, पुस्तकांची देवघेव व हिशेब हीं कामें पद्धतशीर शिकविण्याचा या देशांतील हा पहिला प्रयत्न होय. १९१२ पासून इंग्रजी, गुजराती व मराठी अशा तीन भाषांत एक नियतकालिकहि तेथून निघूं लागलें. बोर्डन परत गेल्यावर काम थांबलें नाहीं. जनार्दन सखाराम कुडाळकर यांनीं तें हातीं घेतलें व त्यांच्यामागून न्यूटन मोहन दत्त यांनीं चालविलें. एक मनुष्य गेला असतां दुसरा त्याच्या जागीं येतो व काम तसेंच चालतें, ही गोष्ट तंजावरच्या वाड्यांत नव्हती. ती बडोद्यास प्रथम दिसते.

(४)

या परंपरेचें खरें मोल कळण्यास चिमनलाल डाह्याभाई दलाल यांचें चरित्र पाहावें. ते मध्यवर्ति ग्रंथालयाच्या संस्कृत शाखेचे ग्रंथपाल. १९१४ सालीं पाटण येथील जैन भांडारें तपासण्यास बडोदें सरकारनें त्यांस पाठविलें. त्या भांडारांत पूर्वीं ब्यूलर, भांडारकर व पीटर्सन जाऊन आले होते. परंतु भांडारांचे विश्वस्त परक्या माणसापुढें सर्व पेट्या उघडीत नसत. दलाल यांनीं तेथें राहून ताडपत्रें व कागदी पोथ्या एकामागून एक पाहिल्या आणि टिपणें केलीं. या शोधाचें पहिलें दृश्य फळ म्हणजे राजशेखराची काव्यमीमांसा. गायकवाड प्राच्यग्रंथमालेचा पहिला ग्रंथ म्हणून ती १९१६ सालीं निघाली. संपादक दलाल व अनंतकृष्णशास्त्री. धनपालाच्या भविसयत्तकहा या अपभ्रंश काव्याचें कामहि दलाल यांनीं आरंभिलें होतें.

१९१८ सालीं दलाल अकालीं वारले. अशा वेळीं सामान्यतः काय होतें हें आपण सर्व जाणतों. वह्या घरीं राहतात, घर बदलतें, वह्या रद्दींत जातात. येथें तसें झालें नाहीं, कारण वह्या दलालांच्या नव्हत्या, ग्रंथालयाच्या होत्या. भविसयत्तकहा फर्ग्युसन कॉलेजचे डॉ. पांडुरंग दामोदर गुणे यांनीं पूर्ण केली व ती १९२३ सालीं प्रसिद्ध झाली. गुणे स्वतः १९२२ सालींच निवर्तले होते. म्हणजे दोन संपादकांच्या मृत्यूनंतरहि ग्रंथ छापून बाहेर पडला. जेसलमीरच्या भांडारांविषयीं दलालांनीं केलेली सूचि त्याच वर्षीं निघाली. आणि पाटणच्या हस्तलिखितांची वर्णनात्मक सूचि लालचंद्र भगवानदास गांधी या पंडितांनीं त्यांच्या टिपणांवरून सिद्ध करून १९३७ सालीं प्रकाशित झाली. दलालांच्या मृत्यूस तेव्हां एकोणीस वर्षें झालीं होतीं. एकोणीस वर्षें एखादें टिपण जिवंत राहण्यास काय लागतें? एक कपाट, एक क्रमांक, आणि त्या कपाटाची किल्ली ज्याच्या कमरेस आहे असा वेतनी मनुष्य. यापेक्षां अधिक कांहीं नाहीं. पण याहून कमीहि चालत नाहीं.

(५)

पुण्यास हीच गोष्ट निराळ्या तऱ्हेनें घडली. परशुराम कृष्ण गोडे हे देवरुखचे, जन्म १८९१. १९१९ सालीं ते भांडारकर संस्थेंत ग्रंथपाल म्हणून आले व सुमारे चाळीस वर्षें तेथेंच राहिले. १९६१ सालीं त्यांचें निधन झालें. सरकारी संग्रहाच्या वर्णनात्मक सूचीचे अलंकार, काव्य, नाटक इत्यादि विषयांचे खंड त्यांनीं सिद्ध केले. सूचीचें काम करणारास नीरस कारकुनी करावी लागते अशी समजूत आहे. गोड्यांचें उदाहरण तिचें निरसन करितें. पोथीचा काळ ठरवितांना जें जें हातीं लागे तें तें त्यांनीं लिहून ठेविलें, आणि त्यांतून चारशेंहून अधिक शोधनिबंध झाले. ग्रंथकारांचा कालनिर्णय हा त्यांतील मुख्य भाग. पण नथीचा इतिहास, तंबाखूचा प्रसार, दारूकाम व आतषबाजी अशा विषयांवरहि त्यांनीं लिहिलें. असे विषय एकेका ग्रंथाच्या अभ्यासकास सुचत नाहींत. ज्याच्या हातांखालून वैद्यक, पाकशास्त्र, काव्य, धर्मशास्त्र व ज्योतिष या सर्वांच्या पोथ्या जातात त्यालाच ते सुचतात. म्हणजे गोड्यांची विद्वत्ता त्यांच्या नोकरीबाहेरची नव्हती. ती नोकरींतूनच उगवली होती.

गोडे कोणत्या शाळेंत ग्रंथपालकी शिकले असा प्रश्न केल्यास उत्तर एवढेंच कीं, वीस हजार पोथ्यांच्या शाळेंत. हा मार्ग उत्तम खरा, पण तो एकट्याचा असतो. बडोद्यास शिक्षण होतें. पुण्यास दीर्घ सहवास होता. दोन्ही एकत्र येण्याचा योग मात्र क्वचितच आला.

(६)

तिसरें उदाहरण मद्रासचें. शियाळी रामामृत रंगनाथन् हे गणिताचे अध्यापक. १९२४ सालीं मद्रास विद्यापीठानें त्यांस आपले पहिले ग्रंथपाल नेमिलें. नोकरी पत्करल्यावर थोड्याच दिवसांत एकांतास कंटाळून ते आपल्या जुन्या कॉलेजाच्या प्रमुखांकडे गेले व अध्यापकाची जागा परत मागूं लागले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. प्रथम इंग्लंडास जाऊन या, मग बोलूं, असा सल्ला त्यांस मिळाला. लंडन येथील युनिव्हर्सिटी कॉलेजांत बर्विक सेयर्स यांच्यापाशीं ते वर्गीकरण शिकले, तेथील ग्रंथालयें त्यांनीं हिंडून पाहिलीं, आणि १९२५ सालीं परत आले ते कायमचे ग्रंथपाल होऊन. १९२८ सालीं मद्रास ग्रंथालयसंघ, १९२९ सालीं शिक्षणवर्ग, १९३१ सालीं ग्रंथालयशास्त्राचे पांच नियम व १९३३ सालीं द्विबिंदु वर्गीकरण, हा क्रम सर्वश्रुत आहे. मद्रास प्रांतानें १९४८ सालीं केलेल्या सार्वजनिक ग्रंथालयांच्या कायद्यामागें त्यांचाच आग्रह होता.

या चरित्रांतून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली ही कीं, या वृत्तींत येणारा मनुष्य बहुधा दुसऱ्या वाटेनें येतो, आणि आरंभींचा कंटाळा हा त्याच्या अपात्रतेचा पुरावा नव्हे. कामाचें शास्त्र दृष्टीस पडलें म्हणजे तो जातो. दुसरी ही कीं, एका शिकलेल्या मनुष्यापासून दहा तयार होतात. याचें आणखी एक उदाहरण लाहोरचें आहे. १९१५ सालीं अमेरिकन ग्रंथपाल एसा डॉन डिकिन्सन यांनीं पंजाब विद्यापीठांत वर्ग काढिला. त्या वर्गांत शिकलेले खान बहादुर असदुल्ला हे पुढें कलकत्त्याच्या इंपीरियल लायब्ररीचे ग्रंथपाल झाले व तेथें त्यांनीं १९३५ सालीं स्वतः वर्ग चालू केला. शिकलेला मनुष्य शिकविणारा झाला. व्यवसाय रुजला असें म्हणतां येतें तें अशा वेळीं.

(७)

आतां आपल्या संग्रहांकडे वळूं. एका गांवीं एक खासगी संग्रह पाहण्याचा आम्हांस योग आला होता. रुमाल नीटनेटके बांधलेले, वाळवीचा उपद्रव नाहीं, विश्वस्त सौजन्यशील. यादी मागितली तेव्हां कळलें कीं, एका निःस्पृह गृहस्थांनीं तीस वर्षें विनावेतन खपून ती केली होती. परंतु वही त्यांच्या घरीं होती, खुणा त्यांच्या स्वतःच्या होत्या, आणि त्यांच्या निधनानंतर मुलांनीं घर विकलें तेव्हां वही कोठें गेली तें कोणासच ठाऊक नव्हतें. पोथ्या होत्या, पण कोणती पोथी कोठें हें सांगणारें जगांत कोणी उरलें नव्हतें. दलालांची एकोणीस वर्षें व या गृहस्थांची तीस वर्षें शेजारीं शेजारीं ठेवून पाहावीं. विद्वत्ता दोघांत असेल, निष्ठा दोघांत होती. अंतर पडलें तें व्यवस्थेंत.

यावर असा आक्षेप येईल कीं, आपल्याकडील पुष्कळ मोठीं कामें निर्वेतन सेवेनेंच झालीं आहेत. वेतन आलें कीं निष्ठा जाते. पहिला भाग आम्ही आदरपूर्वक मान्य करितों. तथापि गोडे, दलाल, रंगनाथन् हे सर्व वेतनीच होते, आणि त्यांच्या निष्ठेविषयीं शंका घेण्याचें धाडस कोणी करणार नाहीं. सेवाभावी मनुष्य दैवयोगानें मिळतो. त्याच्या जागीं दुसरा येईल अशी तजवीज मात्र दैवावर सोंपवितां येत नाहीं.

दुसरी अडचण शिक्षणाची. आमच्या हातांखालून गेलेल्या विद्यार्थ्यांपैकीं कांहींनीं संस्कृत घेऊन पदवी मिळविली व कांहीं ग्रंथालयशास्त्र शिकले. पहिल्यांस पोथी वाचतां येते, पण कार्ड लिहितां येत नाहीं. दुसऱ्यांस कार्ड लिहितां येतें, पण पोथी सुलटी कीं उलटी हें ओळखतां येत नाहीं. हस्तलिखितांच्या ग्रंथपालास दोन्ही पाहिजे. एका पोथीची नोंद करणें म्हणजे काय हें पाहा. पत्रांची लांबी-रुंदी, पत्रसंख्या व मधलीं गहाळ पत्रें, पृष्ठावरील ओळी, ओळींतील अक्षरें, लिपि, कागद, हरताळ फासून केलेल्या दुरुस्त्या, समासांतील संक्षिप्त नांव, आदि, अंत व पुष्पिका हें सर्व उतरून घ्यावें लागतें. नंतर काळ. शके १६८५ असें पुष्पिकेंत असेल तर त्यांत ७८ मिळवून इसवी १७६३ येतें एवढ्यानें भागत नाहीं. शकांत बारा मिळवून साठांनीं भागावें. बाकी सतरा राहते, म्हणजे संवत्सर सुभानु पाहिजे. पुष्पिकेंत चित्रभानु असेल तर शक तरी चुकला आहे किंवा संवत्सर तरी; मग तिथि-वार स्वामिकन्नू पिल्लै यांच्या पंचांगकोष्टकांशीं ताडून पाहावें लागतें. हें सर्व त्रैमासिकाच्या वाचकांस परिचित आहे. परंतु एका वाचकास एका पोथीपुरतें हें करितां येणें निराळें, आणि पांच हजार पोथ्यांचें तें एकाच पद्धतीनें, दुसऱ्यास उलगडेल अशा रीतीनें करून ठेवणें निराळें. हें दुसरें काम म्हणजेच ग्रंथपालाची वृत्ति.

महाराष्ट्रांत १९६७ सालीं सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. विद्यापीठांतून ग्रंथालयशास्त्र शिकविलें जातें. २००३ सालीं केंद्र सरकारनें हस्तलिखितांचें राष्ट्रीय अभियान सुरू करून नोंदणी व प्रशिक्षणवर्ग यांस चालना दिली. हीं सर्व साधनें इष्ट आहेत. परंतु वर्ग संपल्यावर त्या तरुणानें कोठें जावें? पंधरा दिवसांत त्यास मोडी व नागरी पोथ्यांची तोंडओळख होते. आणि पुढें जागा नसल्यामुळें तो दुसऱ्या उद्योगास लागतो. छायाचित्रें घेण्यास द्रव्य मिळतें. घेतलेल्या छायाचित्रांत काय आहे हें सांगणाऱ्या मनुष्यास वेतन मिळत नाहीं. ज्याची सूचि नाहीं असें चित्र म्हणजे दुसरा बांधलेला रुमालच होय.

(८)

निष्कर्ष तीन आहेत. ग्रंथपालाची वृत्ति तीन गोष्टींवर उभी राहिली : नियमित वेतन, पद्धतशीर शिक्षण, आणि एकाच्या हातचें काम दुसऱ्याच्या हातीं सोंपविण्याची व्यवस्था. बडोद्यास तिन्ही होत्या म्हणून दलालांचें काम त्यांच्या मृत्यूनंतर वाढलें. पुण्यास पहिली व तिसरी होती, दुसरी गोड्यांनीं स्वतः कमाविली. जेथें तिहींपैकीं एकहि नाहीं, तेथें संग्रह एका मनुष्याच्या आयुष्याएवढाच जगतो.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति आहे कीं, आपण नवी पोथी घेण्यास जें द्रव्य राखून ठेवितां, त्यांतील कांहीं अंश जुन्या पोथ्यांची सूचि करणाऱ्या एका तरुणाच्या वेतनाकडे वळवावा. एकट्यास तें झेपत नसेल तर चार संग्रहांनीं मिळून एक मनुष्य ठेवावा. बडोद्याच्या गांवकऱ्यांनीं एक तृतीयांश वांटा उचलला; आपण त्याहून दरिद्री नाहीं. सूचि एकाच नमुन्यावर करावी, तिची एक प्रत संशोधनसंस्थेंत ठेवावी, आणि वही त्या तरुणाच्या घरीं जाऊं देऊं नये. जे तरुण या वाटेनें जाऊं इच्छितात त्यांस सांगणें एवढेंच कीं, संस्कृत व मोडी सोडूं नये, वर्गीकरण व सूचिलेखन रीतसर शिकावें, आणि पहिल्या वर्षाच्या कंटाळ्यावरून वृत्तीची परीक्षा करूं नये. आमच्या पिढीनें पोथ्या जमविल्या. त्या वाचावयास मिळतील कीं नाहीं हें आतां त्यांच्या व त्यांस वेतन देणारांच्या हातीं आहे.